घरभर सुटलेला वास म्हणजे वाया गेलेला काढा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सर्दी-खोकल्यावरचा एक 'रामबाण' काढा छापून आला आहे. आलं, सुंठ, तुळस, गवती चहा, पुदिना, ओवा, मिरी, लवंग, दालचिनी, ज्येष्ठमध, हळद, गूळ, लिंबू आणि मध असे चौदा जिन्नस एका पातेल्यात घालायचे, पाणी अर्धं होईपर्यंत खळखळून उकळायचं आणि लहानथोर सगळ्यांनी दिवसातून 'हवा तितक्या वेळा' प्यायचं, अशी कृती आहे. एकाही जिन्नसाचं माप दिलेलं नाही. कुठला आधी, कुठला नंतर, कुठला गॅस बंद केल्यावर, याचाही पत्ता नाही. असा काढा कडूजहर होतो, घशाखाली उतरत नाही, आणि मग घरातली मुलं काढ्याचं नाव काढलं तरी तोंड फिरवतात. मुलांचं काही चुकत नाही. चुकतं ते पातेल्यात.

आयुर्वेदात पाण्यात औषध उतरवण्याच्या वेगवेगळ्या रीती आहेत. शार्ङ्गधरसंहितेत काढा, फांट आणि हिम यांची कृती निरनिराळी सांगितली आहे. काढ्यासाठी भरड औषधाच्या सोळापट पाणी घेऊन ते आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. म्हणजे १० ग्रॅम भरडीला १६० मिली पाणी, आणि हाती येतो जेमतेम २० मिली काढा. ते औषध झालं. वैद्याने सांगितलेल्या मापाने घ्यायचं, कप भरभरून नव्हे. फांट करताना चौपट कढत पाणी औषधावर ओततात, झाकून ठेवतात आणि गाळतात. उकळत नाहीत. हिम तर गार पाण्यात रात्रभर भिजवून करतात. आपण घरात ज्याला सरसकट 'काढा' म्हणतो, ते खरं तर काढा आणि फांट यांचं सौम्य मिश्रण असतं, आणि तसंच ते करायला हवं. कठीण जिन्नस उकळायचे, पाला मुरवायचा.

कारण सोपं आहे. गवती चहाचा वास सिट्रालचा, तुळशीचा नि लवंगेचा मुख्यतः युजेनॉलचा, ओव्याचा थायमॉलचा, पुदिन्याचा मेंथॉल आणि त्याच्या भाऊबंदांचा. ही सगळी उडून जाणारी तेलं. गवती चहाचं तेल काढणारे काय करतात? पात भट्टीत भरून तिच्यातून वाफ सोडतात. वाफ तेल घेऊन बाहेर पडते, ती थंड केली की तेल वेगळं होतं. उघड्या पातेल्यात पात वीस मिनिटं उकळणारा माणूस हेच करत असतो, फक्त वाफ गोळा करायच्या ऐवजी खिडकीतून सोडून देतो. 'काय घमघमाट सुटलाय!' असं शेजारीण म्हणाली की समजावं, काढा तिच्या घरी पोचला. पातेल्यात उरतो तो पानांचा कडू-तुरट अंश, कारण तो उडत नाही, उकळावं तितका जास्त उतरतो.

हे तपासून बघायचं असेल तर पात मुरायला ठेवल्यावर सात-आठ मिनिटांनी झाकण अलगद उचला आणि त्याच्या आतल्या बाजूला लागलेले थेंब हुंगा. लिंबासारखा तिखट-गोड वास त्या थेंबांना असतो. झाकण तसंच बाजूला ओट्यावर ठेवू नका. पातेल्यावर तिरकं धरून थेंब परत आत निथळू द्या.

'अर्धं होईपर्यंत' हे माप का चालत नाही, तेही सांगतो. पसरट पातेल्यात मोठ्या आचेवर दोन कप पाणी दहा मिनिटांत अर्धं होतं. उभ्या, निमुळत्या भांड्यात मंद आचेवर त्यालाच अर्धा तास लागतो. दोन्हींत पाणी अर्धंच, पण आल्याचा नि मिरीचा उतारा अगदी वेगळा. म्हणून घड्याळ लावावं, पाण्याची रेघ बघू नये.

आता कृती, दोघांसाठी. स्टीलच्या पातेल्यात अर्धा लिटर पाणी. त्यात अंगठ्याच्या वरच्या पेराएवढं आलं, म्हणजे साधारण १० ग्रॅम, चार मिरे, बोटाच्या एका पेराएवढा दालचिनीचा तुकडा, एक लवंग. लवंग एकच. दोनवर गेलात की जीभ बधिर होते आणि बाकीची चव कळेनाशी होते. हे सगळं खलबत्त्यात नुसतं चेचायचं, कुटून पूड करायची नाही. आलं किसू नये. किसलं की त्यातला पिठूळ अंश पाण्यात उतरून काढा गढूळ होतो आणि तळाला साका बसतो. चेचलेल्या तुकड्यातून तिखटपणा उतरतो, चोथा मात्र गाळण्यातच राहतो. पाणी थंड असतानाच हे जिन्नस घालावेत, उकळी आली की आच अगदी मंद करून, झाकण किंचित फट ठेवून, बारा मिनिटं. दालचिनीचा वासही उडणाराच आहे, म्हणून या टप्प्यावरही झाकण हवंच.

बारा मिनिटं झाली की गॅस बंद. उकळी बसू द्यायची, अर्धा मिनिट. मग दहा-बारा तुळशीची पानं हाताने चुरडून आणि गवती चहाच्या तीन-चार पाती कातरून आत टाकायच्या. झाकण घट्ट, आठ मिनिटं. गाळायचं. दोन चमचे चिरलेला गूळ गाळल्यानंतर, गरम असताना, म्हणजे तो नीट विरघळतो आणि त्यातली माती-भुसा पुन्हा गाळता येतो. लिंबू पिळायचं तर कपात, पातेल्यात नाही. मध घालायचा तर सगळ्यात शेवटी, कप ओठाला लावता येईल इतका निवल्यावर. मध तापवू नये असं आयुर्वेद बजावून सांगतो, आणि तो सल्ला मोडण्यात तसाही काही फायदा नाही: कढत पाण्यात मधाचा वास जातो, एन्झाइम निकामी होतात, उरते ती महागडी साखर. गूळ आणि मध दोन्ही घालण्यालाही अर्थ नाही. एकच काहीतरी.

गवती चहाबद्दल थोडं. पातीची कड धारदार असते, उलट्या दिशेने हात फिरवला तर बोट कापतं. म्हणून पाती एकत्र करून, दुमडून कात्रीने इंच-इंच कापाव्यात. बुंध्याकडचा पांढरट भाग टाकू नका, वास तिथेही भरपूर असतो, फक्त तो ठेचायला लागतो. पात वाळवायची असेल तर सावलीत. उन्हात वाळवलेल्या पातीला कडब्याचा वास येतो. बाजारात जुडी घेताना एक पान चुरडून हुंगा. लिंबाचा वास आला तर गवती चहा. गुलाबासारखा आला तर ते रोशा गवत, सुगंधी खरं, पण चहात घालायचं नव्हे. हाच चुरडण्याचा नियम तुळशीला. कृष्ण तुळस लवंगेकडे झुकणाऱ्या वासाची आणि तिखट, हिरवी राम तुळस त्यापेक्षा सौम्य. सब्जा त्याच कुळातला, पण घशाला हवी ती तिखट धार त्यात नाही.

आलं नसेल आणि सुंठ असेल तर चालते, पण सरळ अदलाबदल करू नका. ओल्या आल्यात सुमारे ८० टक्के पाणी असतं, तेव्हा १० ग्रॅम आल्याच्या जागी २ ग्रॅम सुंठ, म्हणजे सपाट चहाचा चमचा. शिवाय आलं वाळताना त्यातल्या जिंजेरॉलचं शोगाओल होतं, आणि ते जास्त तिखट असतं. सुंठ आल्यापेक्षा घशाला झोंबते ती यामुळे. छापलेल्या कृतीत आलं आणि सुंठ दोन्ही होते, वर मिरी. रिकाम्या पोटी असा काढा घेतला तर छातीत जळजळ होणारच.

काढा बिघडतो त्याच्या आणखी काही तऱ्हा आहेत. काळा कुट्ट झाला असेल तर भांडं बघा: लोखंडी कढईत लवंग, दालचिनी, चहापत्ती उकळली की त्यांतली तुरट द्रव्यं लोखंडाशी मिळून शाईसारखा रंग करतात. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई नसेल तर त्यात लिंबू, आमसूल, चिंच यांपैकी काहीही घालू नये. काढा बुळबुळीत झाला असेल तर दालचिनीची पूड घातलेली असणार; पूड गरम पाण्यात फुगते नि शेंबडासारखी तार धरते. उपमा ओंगळ आहे, पण ज्यांनी तो घोट घेतलाय त्यांना पटेल. ज्येष्ठमधाची काडी घातली की पाणी साबणासारखं फेसतं आणि पातेलं ओतू जातं. त्यात फेस धरणारी द्रव्यं असतातच, जिन्नस खराब नसतो. भांडं अर्धंच भरावं, एवढाच उपाय.

दालचिनी घेतानाही डोळे उघडे हवेत. किराणा दुकानात जी जाड, गडद, लाकडासारखी एकेरी साल मिळते ती बहुतेक कॅशिया. खरी दालचिनी पातळ, फिकट तपकिरी, विडीसारखी अनेक पदरांची गुंडाळी असते आणि बोटांनी चुरडते. कॅशियात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं, आणि ते रोज, जास्त प्रमाणात पोटात गेलं तर काहींच्या यकृताला बाधतं. सर्दीचे चार दिवस एक तुकडा घातला तर काही बिघडत नाही. पण वजन कमी करायला म्हणून बाराही महिने चमचा-चमचा पूड फाकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. कोकणात नारळी-पोफळीच्या बागांत आता दालचिनी लावतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' ही जात त्यातलीच. बागायतदाराकडून थेट मिळाली तर तीच घ्यावी.

हळदीच्या दुधाला मात्र वेगळं पातेलं हवं. काढ्यात हळद घालून काही साधत नाही: हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही, तळाशी पिवळा थर होऊन बसतं आणि कप धुताना मोरीत जातं. स्निग्धांशात ते उतरतं. अर्धा चमचा तूप कोमट करायचं, त्यात अर्धा चहाचा चमचा हळद नि दोन मिऱ्यांची भरड घालून मंद आचेवर वीस सेकंद, कच्चा वास जाईपर्यंत. रंग गडद होऊ लागला की थांबायचं, नाहीतर करपते आणि दूध कडू होतं. त्यावर दीडशे मिली साईसकट दूध ओतून एक उकळी आणि नंतर दोन मिनिटं मंद आच. प्रमाण आयुष मंत्रालयाने २०२० मध्ये सांगितलं होतं तेच, दीडशे मिली दुधाला अर्धा चमचा हळद.

त्या दुधाकडून अपेक्षा मात्र बेताच्या ठेवाव्यात. मिरीतल्या पिपरीनने कर्क्युमिनचं शोषण वीसपट वाढतं, हे बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं, आणि तो आकडा हल्ली प्रत्येक फॉरवर्डमध्ये असतो. पण त्या प्रयोगात लोकांना दिलं होतं २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन. अर्ध्या चमचा हळदीत, तीन टक्क्यांचा हिशेब धरला तर, ४५ मिलिग्रॅमच्या आसपास येतं. दोन ग्रॅम भरायला चाळीसहून जास्त पेले लागतील. रात्री गरम दूध पोटात गेलं, घसा शेकला, झोप लागली, हे त्या पेल्याचं खरं काम, आणि ते काही थोडकं नाही.

दूध फाटतं ती तक्रार फार. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. कोमट दुधात आलं किसून घातलं की ते दुधातलं केसीन फोडतं आणि दूध नासल्यासारखं दिसतं. आधी आलं पाण्यात तीन-चार मिनिटं उकळून घेतलं की एन्झाइम निकामी होतं, मग दूध घाला, फाटत नाही. आल्याच्या चहालाही हाच क्रम. गुळाचं तसंच: गुळात आम्लांश असतो आणि कधी कधी रंग उजळायला वापरलेली रसायनंही, म्हणून उकळत्या दुधात गूळ टाकू नये. गॅस बंद करून, दोन मिनिटं थांबून घालावा. तुळस आणि लिंबू दुधाच्या वाटेला जाऊच देऊ नयेत.

काढ्याच्या गडबडीत आपण सर्दीतलं सगळ्यात चांगलं गरम पेय विसरतो, ते म्हणजे कढण. तापात तोंडाला चव नसते, जेवण जात नाही. काढ्यात पोटाला आधार देईल असं काहीच नसतं. पाव वाटी हिरवे मूग (साधारण ५० ग्रॅम) कोरडेच वास सुटेपर्यंत भाजून, तीन वाट्या पाण्यात कुकरला चार-पाच शिट्ट्या. रवीने घुसळून गाळायचं. चोथा आमटीला जातो. गाळलेल्या पाण्यात सैंधव, एक आमसूल, आणि वरून तुपाची जिरं-हिंगाची फोडणी. आमसूल दोन मिनिटंच उकळावं, जास्त वेळ राहिलं तर कढण आंबट आणि काळपट होतं. कुळथाचं करायचं तर कुळीथ रात्रभर भिजवायला लागतात, शिट्ट्याही आठ-दहा. कोकणात नि गोव्यात उकड्या तांदळाची पेज असतेच: एक वाटी तांदळाला आठ-दहा वाट्या पाणी, कणी पूर्ण फुटेपर्यंत शिजवून वरची निवळ मीठ घालून गरम गरम. आणि मटण शिजताना तिखट-मसाला पडायच्या आधी काढून घेतलेलं कोल्हापूरकरांचं अळणी पाणी. त्यात मिरपूड आणि मीठ घालून प्यायलं की नाक वाहतं झालंच. मीठ आणि पाणी, म्हणजे तापाने घामावाटे जे जातं ते यातून परत येतं, वर थोडी प्रथिनं. आम्हाला विचाराल तर तापकऱ्याला दिवसातून एक काढा आणि दोन वेळा कढण, उलट प्रमाण नको.

गरम पेयाने सर्दी बरी होते का? विषाणू मरत नाहीत, दिवस कमी होत नाहीत. इंग्लंडशेजारच्या वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठात २००८ मध्ये सर्दी झालेल्या ३० जणांना एकच फळांचं पेय गरम किंवा खोलीच्या तापमानाचं देऊन बघितलं. यंत्राने मोजलेला नाकातला श्वासाचा प्रवाह कशानेही बदलला नाही. पण गरम पेय घेतलेल्यांना वाहतं नाक, खोकला, शिंका, घसादुखी, हुडहुडी आणि थकवा या सगळ्यांत लगेच बरं वाटलं आणि ते टिकलं. गार पेयाने घसादुखी, हुडहुडी, थकवा हलले नाहीत. चव आणि ऊब यांनी लाळ सुटते, घशावर ओलसर थर राहतो, चिकट कफ सैल होतो. एवढा लाभ चार मिऱ्यांत मिळतो, त्यासाठी चौदा जिन्नस लागत नाहीत.

गरम म्हणजे किती गरम, हाही प्रश्नच आहे. ६५ अंशांवरची कढत पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला 'बहुधा कारणीभूत' असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये जाहीर केलं. दोष पेयाचा नाही, तापमानाचा. घरात थर्मामीटर लावायची गरज नाही. आजोबांची बशी काढा. बशीत ओतलेला चहा अर्ध्या-एक मिनिटात पिण्याजोगा होतो. फुर्र करून पिणाऱ्यांना नावं ठेवली जातात, पण त्यांची अन्ननलिका शाबूत राहते.

उरलेल्या काढ्याचं काय करायचं हेही कुणी लिहीत नाही. पाला आत ठेवून थर्मासमध्ये भरू नका, तासाभरात तो तुरट-कडू होतो. गाळून भरा. दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं तर आलं-मिरी-दालचिनीचं पाणी तेवढं गाळून, पाला न घालता फ्रिजमध्ये ठेवावं. दोन दिवस राहतं. लागेल तेव्हा उकळवून त्यात ताजी पात मुरवायची. हळदीचं दूध ठेवू नये, त्याच रात्री संपवावं.

आता ज्याकरता हे पत्र लिहायला घेतलं तिकडे येतो. 'घरगुती म्हणजे निर्धोक' असं धरून छापलेल्या कृतीत कुणासाठी काय नको, याची एक ओळही नव्हती. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनने शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं, रक्तदाब चढतो. रक्तदाबाच्या, हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते घेऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रोज जास्त हळद-आलं सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. मधुमेह्यांनी गूळ आणि मध दोन्ही वगळावेत. गवती चहा बिनगोडाचाही छान लागतो. अडुळसा हे खरंखुरं औषध आहे, कफ सुटा करणारं ब्रोमहेक्सिन त्यातल्याच व्हॅसिसिनवरून तयार झालं, आणि म्हणूनच गरोदरपणी तो घेऊ नये, गर्भाशयाचं आकुंचन होऊ शकतं. गुळवेल तर काढ्यात सरसकट टाकूच नये. ती घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं; आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असावी. दोन्हींतलं काहीही खरं असलं तरी, वेल ओळखता येत नाही त्याने कुंपणावरून तोडून आणू नये. पित्ताचा त्रास असलेल्यांनी मिरी-सुंठ-लवंग टाळून नुसता गवती चहा आणि आल्याचा लहान तुकडा घ्यावा.

'हवा तितक्या वेळा' हेही चुकीचं. आयुष काढ्याचं सरकारी प्रमाण तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक असं होतं. त्याची ३ ग्रॅम भरड दीडशे मिली पाण्यात, दिवसातून एकदा किंवा दोनदा. टाळेबंदीत लोकांनी हेच मुठीने घातलं आणि पाच-पाचदा प्यायलं. मग जळजळ, तोंड येणं, घोळणा फुटणं सुरू झालं की दोष काढ्याला.

आणि काढ्यावर किती दिवस काढायचे यालाही मर्यादा असते. तीन दिवसांवर ताप, धाप, छातीत दुखणं, गुंगी, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणं, यांपैकी काही असेल तर दवाखाना. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास शांत असताना मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त, आणि दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा ५० किंवा जास्त मोजला गेला तर वाट बघू नये. गरोदर बाई, दम्याचे, मधुमेहाचे रुग्ण आणि म्हातारी माणसं यांनी फ्लूची शंका येताच डॉक्टर गाठावा, कारण फ्लूवरची गोळी पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर तिचा उपयोग सर्वांत जास्त.

शेवटी सगळ्यात गंभीर चूक. आपल्या कृतीत 'तान्ह्या बाळांना मधातून चाटवावा' असं छापलं आहे. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नये, काढ्यातून नाही, बाळगुटीतून नाही, जिभेवर बोट लावूनही नाही. मधात बोटुलिझमच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं: दूध ओढत नाही, रडं क्षीण होतं, शौच बंद होते. मध उकळून घेतला तरी हे बीजाणू मरत नाहीत, त्यामुळे 'शुद्ध' किंवा 'तापवलेला' मध हाही उपाय नव्हे. आपल्याकडे बाळगुटी मधात उगाळण्याची चाल घरोघरी आहे, त्यामुळे ती ओळ वाचून कुणी आजी आजच बाटली उघडेल. पुरवणीचा पुढचा अंक निघायला आठवडा आहे. एवढी एक दुरुस्ती उद्याच्याच अंकात, पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत छापावी ही विनंती.

आपले,
दोन वाचक, दापोली (जि. रत्नागिरी)